घोंगडीखालचं व्हायोलिन

सेगेद, ४ फेब्रुवारी

प्रिय गिझी,

माझा सीडी ट्रान्सपोर्ट मेला. सांत्वन करू नकोस, ते तुला जमतही नाही. त्याच्या जागी दुसरा शोधून दे, आणि तोही शिक्षकाच्या पेन्शनीत बसणारा. तू माझी मावसबहीण आहेस, उभा जन्म रेडिओच्या ध्वनिमुद्रणात घालवलास, आणि म्हातारपणी पेच शहराच्या बाजारात जुनी खोकी उचकत हिंडतेस. या तिन्ही पापांचा मला काहीतरी उपयोग होऊ दे.

इथल्या दुकानात जाऊन आलो. काउंटरमागे एक दाढीवाला उभा होता. म्हटलं, "ट्रान्सपोर्ट दाखवा." तर विचारतो, "सामान कुठे न्यायचंय?" मी समजावून सांगितलं, तसा दात काढून म्हणाला, "सीडी? आजोबा, आता सगळं फोनवर असतं." मी म्हटलं, "तुमच्या फोनवर आवाज असतो बाळ, संगीत नसतं." त्यावर तो काहीतरी पुटपुटला. हल्लीची पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात. यांच्या आयांनी यांना ओठ हलवायला शिकवलेलंच नाही.

शिवाय खालच्या मजल्यावरची होलोशीबाई. मी संध्याकाळी चार तंतुवाद्यांच्या चौकडीचं संगीत लावलं की ही बया हीटरच्या पाइपावर चमचा बडवते. आयुष्यभर डुकराच्या चरबीत कांदा परतला, तिला व्हायोलिन काय कळणार?

लवकर शोध. आणि फोन करू नकोस. फोनवर माणसाचा आवाज डब्यातल्या वाटाण्यांसारखा खुळखुळतो. सुसंस्कृत माणसं पत्रं लिहितात.

तुझा,
तिवादार


पेच, १३ फेब्रुवारी

तिवादार,

सुसंस्कृत माणसं पत्राच्या सुरुवातीला समोरच्याची तब्येत विचारतात. माझा गुडघा दुखतोय. विचारल्याबद्दल आभार.

आता तुझ्या मयताकडे वळू. ट्रान्सपोर्टचं काम काय असतं? चकती फिरवायची, भिंगानं तिच्यावरचे आकडे वाचायचे आणि केबलमधून पुढच्या पेटीकडे धाडायचे. आकड्यांचा सूर करते ती पुढची पेटी, आणि ती तुझ्याकडे चांगली आहे, कारण ती मी निवडली होती. ट्रान्सपोर्ट म्हणजे पोस्टमन. पोस्टमन देखणा निघाला म्हणून पत्रातला मजकूर सुधारत नाही. तेव्हा 'मखमली', 'गर्भश्रीमंत', 'हवेशीर' असले तुझे शब्द वर्तमानपत्रातल्या सदरासाठी ठेव आणि साधा, न अडखळणारा पोस्टमन घे.

रविवारी बाजारात गेले. लांगोशच्या तळलेल्या पोळ्या विकणाऱ्या गाडीमागे एक माणूस ताडपत्रीवर बोहारणीचा संसार मांडून बसला होता: इस्त्र्या, कवळी, कुणाचं तरी सेवापदक, आणि मधोमध एक जपानी डीव्हीडी प्लेअर. मागे डिजिटल आउटपुटचं भोक, आत भिंग लख्ख. त्यानं सांगितलेल्या किमतीवर मी हसले, मग तोही हसला, मग आम्ही हसण्यासारख्या किमतीवर आलो. घरी सगळ्या चकत्या लावून पाहिल्या. ओरखड्यांनी भरलेलीही मुकाट वाचतो. पार्सल सोबत आहे.

दिसायला तो टोस्टरसारखा आहे. पण तूही काही फार देखणा नाहीस, आणि आम्ही तुला सांभाळतोच आहोत.

गिझी


सेगेद, २७ फेब्रुवारी

प्रिय गिझी,

गुडघ्याला मिरचीचा लेप लाव. खरी मिरची हवी तर सेगेदहून पाठवतो. तुमच्याकडे जी मिळते ती विटेची पूड असते.

तुझा टोस्टर लावला. टोस्टरच आहे. गिझी, व्हायोलिनवर कुणीतरी घोंगडी टाकलीय! झांजा वाजतात की कुणी भिजलेली भाकरी आपटतंय, कळत नाही. गाणाऱ्या बाईच्या शब्दांची टोकंच गळून पडलीत. 'स' नाही, 'फ' नाही, नुसता 'आ' आणि 'ओ', जणू दंतवैद्याच्या खुर्चीत बसून गातेय. 'आकडे ते आकडे' हे तुझं तत्त्वज्ञान रेडिओच्या हवामानवृत्तापुरतं ठीक आहे. ज्याला कान आहेत त्याला पोस्टमनचे बूट चिखलाचे असले तरी कळतं.

माझा गेल्या आठवड्याचा लेख सोबत जोडलाय. संगीतशाळेत बोरोका ताश्शी नावाची नवी शिक्षिका आलीय, पंचविशीची. तिची व्हायोलिनची मैफल होती. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. इथले लोक दारावरची घंटा वाजली तरी उभं राहून टाळ्या वाजवतात. मी काय लिहिलंय ते बघ: 'कुमारी ताश्शी यांच्या गजाला तारेवर पकड देणारी राळ लावायची राहून गेली असावी. सूर वर चढतो आणि धुक्यात हरवतो. जिथे चकाकी हवी तिथे फक्त कापूस.' संपादक म्हणाला, अगदी सुरी आहे सुरी.

टोस्टरपेक्षा जरा बऱ्या खानदानाचं काही बघ.

तिवादार


पेच, ११ मार्च

तिवादार,

लेख वाचला. सुरी खरीच आहे, पण पंचविशीच्या पोरीवर कशाला परजायची? तुझ्या वयाला साजेसा एखादा बोकड शोध. मी त्या मुलीला ऐकलेलं नाही, त्यामुळे गजाबद्दल बोलत नाही. पण लोक उभे राहिले आणि तू एकटाच बसून राहिलास, तर कधीतरी आपलीच खुर्ची तपासून पाहावी.

खानदान हवंय ना? पाठवलंय. इंग्रजी ट्रान्सपोर्ट आहे, अस्सल. दुसरं काहीच करत नाही, फक्त चकती वाचतो. इथल्या एका नोटरीनं घर रिकामं केलं तेव्हा त्याच्या मुलीनं मला जवळजवळ फुकट दिला, कारण तिला तो व्हिडिओचा जुना डबा वाटला. शिकलेल्या लोकांचं अज्ञान ही गरिबांची शेवटची शेती आहे.

कडक काळा रंग, जाड पत्रा, चकतीचं कवाड असं सरकतं की राजवाड्याचं दार उघडतंय. आता तक्रार केलीस तर तो तुझा स्वभाव समजेन.

गिझी


सेगेद, २६ मार्च

गिझी,

तक्रार करतोय. स्वभाव समज.

राजवाड्याचं दार उघडतं आणि आतून तीच घोंगडी बाहेर येते. मी केबल बदलल्या. स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले, मग मागे ढकलले. आवाज वाढवून पाहिला, तर होलोशीबाईनं चमच्याऐवजी खलबत्ता काढला. एवढंच काय, ती जिना चढून आली आणि दारात उभी राहून दोन्ही हात कानांवर ठेवून तोंड हलवत राहिली. काय म्हणत होती देव जाणे. मी "शुभ संध्याकाळ" म्हणून दार लावून घेतलं.

तुला वाईट वाटेल, पण कुणीतरी सांगायला हवं. तीस वर्षं तू बीट-बटाट्याचे भाव आणि पुढाऱ्यांची भाषणं मुद्रित केलीस. त्यात तुझे कान बोथट झालेत. तुला जे 'चांगलं वाजतं' ते चांगलं वाजत नाही, एवढंच. मलाच स्वतः बुडापेस्टला जाऊन शोधायला हवं होतं. बाजारबुणग्यांच्या ताडपत्रीवर संगीत मिळत नसतं.

तिवादार


पेच, ३० एप्रिल

प्रिय तिवादार,

महिनाभर लिहिलं नाही. गुडघ्याचं निमित्त सांगता आलं असतं, पण गुडघ्यानं पत्र लिहीत नाहीत. तुझं पत्र वाचून मी ते बटाट्यांच्या टोपलीत टाकलं, भाव वाढले तर मुद्रित करीन म्हणून.

मग विचार केला, कदाचित तुझंच बरोबर असेल. माझ्या ओळखीचे एक शल्यविशारद आहेत. त्यांच्याकडे स्वित्झर्लंडहून मागवलेला ट्रान्सपोर्ट आहे. त्याची किंमत मी तुला सांगत नाही, तुझं हृदय कमजोर आहे. तीन आठवड्यांसाठी त्यांनी तो मला उसना दिलाय. ॲल्युमिनियमचं अंग बघशील तर टोपी काढशील. निदान एकदा ऐकून सांग, त्या दर्जाचा आवाज कसा असतो. म्हणजे त्याच्या आसपासचं, पण परवडणारं काय मिळेल ते शोधता येईल.

आणि तुझा मेलेला पाठवून दे. त्याच्या मोटरचा मला उपयोग होईल.

तुझी बोथट,
गिझी


सेगेद, १५ मे

प्रिय गिझी,

ट्रान्सपोर्ट पोचला. देखणा आहे. मी खरोखर टोपी काढली.

तुला खरं सांगतो, मला तो आवडायला हवा होता. स्तुतीची वाक्यं आधीच जुळवून ठेवली होती. पडदे ओढून बसलो, पेअर ब्रँडीचा छोटा ग्लास भरला आणि ज्या चकतीतलं प्रत्येक वळण मला पाठ आहे ती लावली.

तेच. तंतोतंत तेच. टोस्टरपेक्षा केसभरही पुढे नाही.

त्या डॉक्टरांना सांग की त्यांना लुबाडलंय. स्वित्झर्लंडनं आता घड्याळं आणि चीज यांवरच लक्ष द्यावं. मला वाटतं गिझी, चांगली यंत्रं बनवणारे लोक मेले, आणि उरलेत ते डबे बनवतात. त्यांची राख असलेल्या बरण्यांना आपण हाय-फाय म्हणतो. गेले काही दिवस मी काही लावतच नाही. गप्प बसतो. होलोशीबाई मात्र खूश आहे. परवा जिन्यात तिनं मला खसखशीचा रोल दिला.

माझा जुना पाठवतोय. मोटर काढताना जरा मायेनं काढ.

एक बातमी. त्या ताश्शीला ऑगस्टमध्ये बालाटन सरोवराकाठच्या महोत्सवाचं बोलावणं होतं. ते रद्द झालं म्हणे. संचालकानं माझा लेख वाचला होता. म्हणजे या देशात अजून वाचणारे आहेत. मला वाटलं होतं फक्त फोनवाले उरलेत.

तिवादार


पेच, २८ मे

तिवादार,

हे पत्र बसून वाच. आणि शेवटपर्यंत वाच, मग फेक.

तुझा मेलेला आला. झाकण काढायला पेचकस घेतला, आणि सवयीनं आधी चकती घातली. वाजला. नुसता वाजला नाही, ठणठणीत वाजला. मी दिवसभर तो ऐकला, मग त्या नोटरीच्या मुलीचा भाऊ आला होता, त्याला बसवून ऐकवलं. झांजा, 'स', 'फ', सगळं जागच्या जागी. तिवादार, तो मेलेला नाही. तो कधी आजारीसुद्धा नव्हता.

आता माझं पाप. शल्यविशारद कुणी नाही. स्वित्झर्लंडही नाही. बंद पडलेल्या एका जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचं ॲल्युमिनियमचं कवच माझ्याकडे पडलं होतं, त्यात मी बाजारातून आणलेला दुसरा डीव्हीडी प्लेअर बसवला. तुझ्या टोस्टरचा जुळा भाऊ. हे मी रागानं केलं. मला तुझी खोड मोडायची होती. मला वाटलं, महागडं कवच बघून तू 'मखमली' म्हणून चार पानं लिहिशील, आणि ती चार पानं मी तुला परत वाचून दाखवीन. सगळी तयारी केली होती. हसूसुद्धा.

आणि तू लिहिलंस: टोस्टरपेक्षा केसभरही पुढे नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि तयार हसू बाजूला ठेवलं. तू ढोंगी निघाला नाहीस. तुला जसं ऐकू आलं तसंच लिहिलंस, कवचाला भुलला नाहीस. चार यंत्रं, चारही चांगली, आणि चारहींवर एकच घोंगडी; पहिल्याला तर तू त्या घोंगडीपायीच मेला म्हणालास. मग घोंगडी यंत्रावर नाही रे, गाढवा.

तुझे कान गेलेत. वरच्या पट्टीतलं तुला ऐकू येत नाही. म्हणून झांजा भाकरीसारख्या, म्हणून दुकानातला पोरगा पुटपुटतो, म्हणून होलोशीबाई दारात उभी राहून तोंड हलवते. ती बिचारी आवाज कमी करा म्हणून ओरडत असणार. दोन वर्षांपूर्वी तू माझे फोन घेणं बंद केलंस आणि सुसंस्कृत पत्रं लिहायला लागलास. मी मूर्ख, मला वाटलं मोठेपणा आला. रेडिओत तीस वर्षं कानांनी भाकरी कमावली आणि भावाच्या कानांत काय चाललंय ते कळलं नाही. त्यामुळे बोथटपणाची पदवी मी ठेवून घेते.

सत्तरी ओलांडल्यावर कान जातात. त्यात लाज नाही. लाज दुसऱ्या गोष्टीत आहे. त्या पोरीच्या गजाला राळ होती, तिवादार. सगळ्या सभागृहाला ती ऐकू आली. तू घोंगडी पांघरून बसलास आणि तिच्या नावावर कापूस छापलास. आणि तिचा ऑगस्ट गेल्याची बातमी मला अशी कळवलीस, की जणू तुला शिकारीत हरीण मिळालं.

कान तपासून घे. आणि मग काय करायचं ते मी सांगायला नको. तू पोरांना लॅटिन शिकवलेला माणूस आहेस, नीतीची सगळी अवतरणं तुला पाठ आहेत. त्यातलं एक तरी वापर.

गिझी


सेगेद, २ जून

गिझेला,

फसवलंस, आणि वर उपदेश. मला आंधळ्या घोड्यासारखं गोल फिरवून बाजूला हसत उभी राहिलीस. तुझी सगळी खोकी पोस्टानं परत येतील. माझ्या कानांबद्दल चर्चा करायला मी तुला नेमलेलं नाही. यापुढे पत्र नको.

ति. ओ.


पेच, १० जून

ति. ओ.,

खोकी आली नाहीत. बरोबर, पोस्टाचा खर्च तुला झेपणारा नाही.

मी थांबलेय.

गि.


सेगेद, २१ सप्टेंबर

प्रिय गिझी,

सगळं सरळ सांगतो. मध्ये टोमणे मारू नकोस, मीच मारीन.

जुलैत कानाच्या डॉक्टरकडे गेलो. काचेच्या पेटीत बसवलं, कानाला डबे लावले आणि म्हणाली, आवाज आला की बटण दाबा. मी दाबत होतो. मग बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं बाई चहा प्यायला गेली. काचेतून पाहिलं तर ती समोरच बसली होती, यंत्राची खुंटी फिरवत, माझ्याकडे बघत. तेव्हा मला कळलं, गिझी. ती वाजवत होती.

नंतर तिनं कागद दाखवला. रेघ बराच वेळ शहाण्यासारखी चालते आणि मग विहिरीत उडी मारते. ती म्हणाली, हे किमान आठ-दहा वर्षांचं आहे. आठ-दहा वर्षं मी त्या विहिरीत बसून वरच्या लोकांना गायन शिकवत होतो. कुणाकुणावर काय लिहिलं ते आठवायला घरी बसलो आणि थोड्या वेळानं आठवणं थांबवलं. तेवढं धाडस माझ्याकडे नाही.

सरकारी श्रवणयंत्रं ऑगस्टअखेर मिळाली. रंग डुकराच्या कानाचा आहे. घालून घरी आलो तर घरात कुणीतरी चिवचिवतंय. माझा फ्रीज.

संपादकाकडे गेलो. म्हटलं, छापा: आमच्या समीक्षकाला वरचे स्वर ऐकू येत नव्हते, कुमारी ताश्शींवरचा लेख मागे घेत आहोत, सदर बंद. तो घाबरला. "तिवादार काका, वाचकांचा विश्वास उडेल." मी म्हटलं, "उडायलाच हवा." शेवटी छापलं, हवामानाच्या खाली, फ्लॅट भाड्यानं देण्याच्या वर. महोत्सवाच्या संचालकालाही लिहिलं. त्याचं उत्तर आलं: खेद आहे, पण पुढच्या वर्षीची नावंही ठरलीत. सही सचिवाची.

मग काल संगीतशाळेत गेलो. तुझा इंग्रजी ट्रान्सपोर्ट काखेत घेतला. रिकाम्या हातानं जाववेना. वर्ग संपवून ती गज पुसत होती. उंच, हडकुळी, केस आखूड. मला पाहताच ओळखलं. मी जे काही पाठ केलं होतं ते म्हटलं. कानातली यंत्रं काढून दाखवली, जणू ओळखपत्र. ती जवळ आली आणि तेव्हापासून एकेक शब्द मोठ्यानं, सुटा करून बोलली.

"आणि हे काय?" तिनं खोक्याकडे बोट केलं.

"उत्तम सीडी ट्रान्सपोर्ट आहे. तुमच्यासाठी."

ती हसली, पण ते हसू माझ्यासाठी नव्हतं. "सीडी ऐकतं कोण? आणि मला यंत्र नको होतं. मला ऑगस्ट हवा होता. आणता येईल तुम्हाला?"

मी म्हटलं, नाही.

"माझी आई तुमचं सदर दर शनिवारी वाचायची. 'त्यांना कळतं' म्हणायची. त्या शनिवारी वाचून ती मला म्हणाली, राळ बदलून बघतेस का? माझी आई! मी तीन प्रकारची राळ आणली. रात्रंदिवस घासत बसले."

मी खोकं उचललं आणि दाराकडे वळलो.

"थांबा. ती यंत्रं कानात घाला."

घातली. तिनं व्हायोलिन उचललं आणि माझ्यापासून हातभर अंतरावर उभं राहून वाजवायला लागली. काय वाजवलं ते सांगत नाही, तू नावावरून मत बनवशील. गिझी, सूर वर चढत गेला आणि कुठेच हरवला नाही. चढतच गेला. मला वाटलं, आता संपेल, आता पुढे काही नसेल, आणि पुढे होतं. गजाचे केस तारेला धरतात ती बारीक खरड, तिच्या नाकातला श्वास, सगळं.

संपल्यावर तिनं विचारलं, "आता बोला. समीक्षक ना तुम्ही?"

खोटं बोललो असतो तर ते आणखी एक पाप झालं असतं. म्हटलं, "सर्वात वरच्या तारेवर डावा हात वर सरकवताना गज दाबता. तिथे किंचित किरकिरतं. बाकी माझी लायकी नाही."

तिनं गजाचे केस सैल केले. मग म्हणाली, "हो. किरकिरतं. माझ्या गुरूही तेच सांगायच्या." व्हायोलिन पेटीत ठेवून तिनं खटके लावले. "हे तेव्हा लिहिलं असतंत, तर मी तुमचा राग धरला नसता. आता जा. आणि पुन्हा येऊ नका."

माफ केलं नाही. करायलाही नको होतं.

ते इंग्रजी खोकं तू परत घे, विकून टाक, तुझ्या गुडघ्याला उपयोगी पडेल. माझा जुनाही तुझ्याकडेच राहू दे. त्याला मेला म्हणून घरातून काढलं, आता कुठल्या तोंडानं बोलावू? मला टोस्टर पुरे. आकडे ते आकडे, हे तुझं म्हणणं मी मान्य करतो, पण चारचौघांत नाही.

शाळेतून बाहेर पडलो. कोपऱ्यावर ट्रॅम वळत होती. तिच्या चाकांनी रुळावर अशी किंकाळी फोडली की मी खोकं फुटपाथवर टाकून दोन्ही कान दाबले आणि भर रस्त्यात नगरपालिकेला शिव्या दिल्या. लोक बघायला लागले. एक बाई म्हणाली, "आजोबा, ही कायम अशीच ओरडते." इतका भिकार, इतका गंजका, इतका निर्लज्ज आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

मग कानांवरचे हात काढून मी पुढची ट्रॅम येईपर्यंत तिथंच उभा राहिलो.

तुझा,
तिवादार